पालथा हात

परवा संध्याकाळी निरोप आला की इंजिन कोंडाईबारी घाटाच्या माथ्यावर येऊन थांबलंय, आणि मी डाळीत मीठ दोनदा घातलं. याकोबने पहिला घास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे वाटीत पाणी ओतून घेतलं. रूथ मात्र हसली. आलं वाटतं आईचं इंजिन, म्हणाली. माझं इंजिन! जसं काही मीच ते माहेरून आणलंय.

याकोब माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कुणी लाजत नाही, म्हणून मीही घेते. रूथ आमची मुलगी, एकुलती एक. तिघंही विजेच्या खात्यातले. मी सबस्टेशनवर ऑपरेटर. याकोब लाइनमन, आता निवृत्तीला आलेला आणि गुडघ्यांनी जमिनीवर आणलेला. रूथ गेल्या पावसाळ्यानंतर लाइनवर लागली. खांबावर चढते. ती चढत असली की मी दुसरीकडे बघते. या वर्षी त्या इंजिनावरही तीच चढणार आहे, आणि घरात याची भीती फक्त मला वाटते.

हे इंजिन रेल्वेचं नव्हे, जहाजाचं. आता नंदुरबार जिल्ह्यात समुद्र कुठला? आमच्या पाड्यातल्या निम्म्या माणसांनी उकाई धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, मीही त्यातलीच. तरी जहाजांची इंजिनं उन्हाळा लागला की आमच्या दारावरून जातात. तिकडे पूर्वेला, समुद्रापासून कितीतरी आत, मालाचं एक मोठं आगार आहे. ड्रायव्हर लोक त्याला ड्राय पोर्ट म्हणतात, म्हणजे पाणी नसलेलं बंदर. तिथून बाकीचा माल रेल्वेने जातो, पण ही इंजिनं इतकी उंच आणि रुंद की रेल्वेच्या पुलाखालून निघत नाहीत. मग ती रस्त्याने निघतात. धुळ्यावरून येतात, घाट उतरून विसरवाडी, मग नवापूर, आणि पुढे गुजरातच्या किनाऱ्याला. चालतात अशी की बकऱ्या त्यांना मागे टाकून पुढे जातात.

उन्हाळ्यातच का, तर तेव्हा नद्या आटलेल्या असतात. जुने पूल एवढं ओझं झेलत नाहीत, म्हणून पुलाच्या शेजारून पात्रातच खडी-मुरूम टाकून वाट करतात आणि इंजिन त्या वाटेने काढतात. पाऊस लागला की ते जमत नाही. पण उन्हाळ्याचं दुसरंही एक आहे. तार तापते, लांबते आणि दोन खांबांच्या मध्ये खाली लोंबते. थंडीत ज्या तारेखालून उसाचा भरलेला ट्रक खुशाल जातो, ती चैत्रात हाताला येईल की काय असं वाटतं. त्यात नव्या मोठ्या रस्त्याच्या उड्डाणपुलाखाली इंजिन मावत नाही, म्हणून ते पाड्यांमधून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने नेतात, आणि जुन्या रस्त्यावर तर तारांचं नुसतं जाळं आहे.

म्हणून इंजिनाच्या माथ्यावर एक माणूस बसवतात. त्याच्या हातात वाळलेला लांब बांबू. तार आली की तो ती बांबूने उचलून धरतो, इंजिन खालून सरकतं, मग तो तार हळूच मागे सोडतो आणि पुढच्या तारेची वाट बघत बसतो. आमच्या भागात हा माणूस वर्षानुवर्षं याकोब होता. त्याच्या बांबूखालून जायच्या तारेतली वीज बंद करायची, ते काम माझं.

लोकांना हा हंगाम आवडतो. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप पडायला लागतात, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात, सगळ्या शिवाराला तो गोड, जरासा आंबूस वास लागतो. झाडाखालचा पाला जाळलेला असतो, त्याचा धूर डोंगराच्या अंगाला चिकटून राहतो. पळस फुललेला असतो. हिंदू पाड्यांवर होळीचे ढोल सुरू होतात आणि आम्हा ख्रिस्ती घरांमध्ये उपवासाचे दिवस चालू असतात, त्यामुळे ढोल आम्ही उपाशीपोटी ऐकतो आणि पाय तरीही हलतातच. मलाही हे सगळं आवडायचं. आता मोहाचा वास आला की मी नाकाला पदर लावते. बाई, तुला मोहाची ॲलर्जी झाली, असं माझी एक मैत्रीण म्हणते. झाली असेल.

पहिल्यांदा इंजिन पाहिलं ते बसमधून. नवीन लग्न झालेलं, साक्रीहून परत येत होतो, आणि घाटात बस थांबली ती थांबलीच. लोक खाली उतरले, आम्हीही उतरलो. वळणाखाली ते उतरत होतं. ताडपत्रीत बांधलेलं, दोरखंडांनी आवळलेलं, आमच्या चर्चपेक्षा उंच. खाली चाकंच चाकं, मोजायला गेलं तर नजर चुकत होती. पुढे एक ट्रक त्याला धरून, मागे दुसरा ट्रक त्याला उलटा ओढत, की ते आपल्याच वजनाने सुटू नये. दोन्ही बाजूंनी माणसं लाकडी ठोकळे हातात घेऊन चालत होती. चाकाला लागलं तर लगेच ठोकळा खाली सरकवायचा. एवढं मोठं धूड आणि आवाज फक्त लोखंड कुरकुरल्याचा. झाकलेलं होतं म्हणून मला जास्त भीती वाटली. आत काय आहे ते दिसलं असतं तर कदाचित एवढी वाटली नसती. मी याकोबचा हात धरला, तर त्याने तो सोडवून घेतला आणि पालथा करून माझ्या हातावर ठेवला. मला रागच आला.

त्या हाताचं सांगायला हवं. लग्नानंतर बरेच दिवस मला वाटायचं, या माणसाला माझा कंटाळा आहे. ताप आला तर कपाळाला पालथा हात लावायचा. रूथ झाली तेव्हा तिच्या गालाला पहिल्यांदा लावला तोही पालथाच. दाराची कडी, नळ, पत्र्याची पेटी, शेजाऱ्यांच्या बकरीचं शिंग, काहीही असो, आधी बोटांची मागची बाजू लावून बघणार आणि मग धरणार. तळहाताला मेंदी लावली आहे का, असं मी एकदा चिडून विचारलंच. तेव्हा त्याने समजावलं. वीज अंगात शिरली की मूठ आपोआप आवळते. तळहात तारेला लागला तर माणूस तार धरूनच बसतो, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. पालथा लागला तर तोच झटका हात मागे फेकतो. मोठ्या लाइनला हे चालत नाही, तिथे माणूसच उरत नाही. पण घरांना जाणाऱ्या लहान तारांना लाइनवरची जुनी माणसं असाच हात लावून बघायची. नव्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायची, आणि मग ते अंगात इतकं मुरायचं की घरी आल्यावरही जायचं नाही.

ऐकून माझा राग गेला. पण खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्या गालाला त्याचा तळहात लागल्याचं मला आठवत नाही.

आता त्या उन्हाळ्याचं. रूथ तेव्हा शाळेत होती. झावळ्यांचा रविवार होऊन गेला होता, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला होता. इंजिन सकाळी जुन्या रस्त्याला लागणार म्हणून सगळीकडे सांगून ठेवलेलं, की सकाळी लाइट जाईल. पोल्ट्रीवाल्यांना तर मी स्वतः सांगितलं होतं. नवापूरच्या बाजूला कोंबड्यांची शेडं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक असेलच. उन्हाळ्यात त्या शेडमधले पंखे थांबले की पक्षी चोची उघडून धापा टाकायला लागतात आणि मरायला फार वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक शेडला जनरेटर. इकडे मी लाइन बंद केली की तिकडे टेकड्यांमधून एकेक जनरेटर घरघरायला लागतं. पहिलं एक, मग दुसरं, मग सगळीकडून. सबस्टेशनच्या खिडकीत बसून मी ते ऐकत आले आहे. कुठलं कुणाचं तेही कळायचं.

सकाळी इंजिन आलंच नाही. घाटातल्या एका वळणावर अडकलं आणि निघता निघता दुपार झाली. ऊन असं की सबस्टेशनच्या आवारातल्या खडीकडे बघवत नव्हतं. याकोबचा फोन आला. आमचं बोलणं ठरलेलं असायचं. तो म्हणायचा, बंद कर. मी पॅनेलवरच्या स्विचची मूठ फिरवायची. पॅनेलवर लाल दिवा म्हणजे लाइन चालू आणि हिरवा म्हणजे बंद, बाहेरच्या जगाच्या उलट. हिरवा लागला की मी म्हणायची, बंद आहे. तो परत विचारायचा, बंद आहे ना? मी परत म्हणायची, बंद आहे. मग तो विचारायचा, जेवलीस का. त्या दिवशीही विचारलं. उपवास आहे हे विसरला होता. मग त्याने शर्ट काढून बरोबरच्या खात्याच्या जीपच्या आरशाला अडकवला, फोन शर्टाच्या खिशात राहिला, आणि तो शिडीने वर गेला. वर चढताना तो कधीच फोन नेत नसे. खिशातून निसटून खाली चालणाऱ्या कुणाच्या डोक्यात पडायला नको, म्हणून.

जनरेटर सुरू झाली. मी ऐकत बसले. थोड्या वेळाने माझ्या आईचा फोन.

आई तेव्हा जुन्या रस्त्याच्या कडेच्या पाड्यात एकटी राहायची. तिला फोन करायला मीच शिकवलं होतं आणि नंतर त्याचा पश्चात्तापही केला होता, कारण बकरी व्याली, मांजर पळालं, सगळं ती मला ड्युटीवर कळवायची. त्यामुळे मी जरा वैतागूनच बोलले. ती म्हणाली, "पोरी, लाइट आली गं. पंखा फिरायला लागलाय. पण म्हाताऱ्यासारखा फिरतोय."

मी पॅनेलकडे पाहिलं. हिरवा दिवा. मूठ मी फिरवली ती तशीच होती. इथून वीज जात नव्हती, आणि आईचा पंखा फिरत होता.

कुणाच्या तरी जनरेटरची वीज शेडच्या बाहेर पडून तारेत शिरली होती. शेडमध्ये बाहेरची लाइन तोडायचा खटका असतो. तो टाकून मगच जनरेटर जोडायचं असतं, नाहीतर ती वीज उलटी पाड्याच्या तारांत चढते. एवढ्या घरांना ती पुरत नाही, म्हणून पंखा म्हाताऱ्यासारखा. पण माणसाला पुरते. आणि त्याच पाड्याच्या तारा रस्त्यावरून जातात, आणि त्याच तारा याकोब उचलणार होता, मी दोनदा बंद आहे म्हणून सांगितलेल्या.

याकोबला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. शर्ट जीपच्या आरशाला लटकतोय आणि त्याच्या खिशात फोन वाजतोय हे मला इथून दिसत होतं. जीपमध्ये कुणी असतं तर उचलला असता, पण इंजिन पाड्यात शिरलं की सगळेच खाली उतरून बरोबर चालतात. मी पॅनेल सोडून जाऊ शकत नव्हते. ऑपरेटर एकटी असते, लाइनवर माणसं असताना खोली सोडायची नाही, म्हणजे नाहीच. आणि सोडून गेले असते तरी पोचले कधी असते?

पाड्याजवळ एकच शेड होतं, नाल्याच्या पलीकडचं, नवीन. तिथे शहाद्याकडचा एक माणूस राहायचा, तोच सगळं बघायचा. मी आईला सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिथे जा आणि त्याला जनरेटर बंद करायला लाव. का, म्हणून तिने विचारलं नाही. माझा आवाज ऐकून तिला कळलं असावं. फोन तसाच चालू ठेवून ती निघाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि नाल्यातली वाळू. मग जनरेटरचा आवाज मोठा होत गेला. मी रोजची प्रार्थना म्हणायला गेले तर पहिल्या ओळीपुढे एक शब्द आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना!

फोनवर त्या माणसाचा आवाज आला. भांबावलेला होता. "कोंबड्या मरी ऱ्हायन्यात, मावशी," तो म्हणत होता. "आत्ते बंद कसं करू?"

आईने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "माझा जावई वर आहे."

आणि घरघर थांबली. एवढी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. खुर्चीचे हात मी घट्ट धरले होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मी तळहातांनी धरले आहेत. कसले कसले विचार येतात माणसाला.

पुढे कितीतरी वेळ काही नाही. मग याकोबचा फोन, नेहमीच्या आवाजात. इंजिन पुढे गेलं, माणसं उतरली, लाइन चालू कर. मी म्हटलं, तू बरा आहेस ना? तो म्हणाला, मला काय झालंय. मी लाइन चालू केली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, रूथच्या वेणीला पालथ्या हाताने टप्पल मारली, जेवायला बसला. आम्ही वाचवलं तुला, असं सांगायला मी अगदी उतावीळ झाले होते. आईचं धावणं, त्या माणसाचं बोलणं, सगळं तिखटमीठ लावून सांगणार होते. त्याने भाकरी मोडली. उजव्या हाताच्या मागे, मधल्या बोटाच्या पेरावर, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग होता. भाजल्याचा. सकाळी नव्हता.

मी विचारलं, हे काय? काही नाही, म्हणाला. डाळ वाढ.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले आणि तिला सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. नाला ओलांडताना इंजिन दिसत होतं का? दिसत होतं, आई म्हणाली. चालत होतं? नाही गं, उभं होतं. माणसं खाली इकडेतिकडे पळत होती, आणि जावई वर काखेत हात घालून बसला होता. मला वाटलं, दमला असेल.

म्हणजे आमची सगळी धावपळ मागाहून झाली. मी फोन लावत होते तोवर त्याचा हात तारेला लागून परत आला होता. वीज बंद आहे असं त्याच्या बायकोने दोनदा सांगितलेलं असताना, बांबू लावण्याआधी त्याने त्या लहान तारेला पालथा हात लावून पाहिला होता. माझ्यावर अविश्वास होता म्हणून नाही, त्याला दुसरं येतच नव्हतं. दाराच्या कडीला लावायचा तसाच लावला. झटक्याने हात मागे फेकला गेला, त्याने गाडी थांबवायची खूण केली आणि बसून राहिला. बस. त्याच्या खाली जहाजाचं इंजिन होतं आणि सबस्टेशनवर मी होते, आणि दोहोंपैकी कुणाचा काही उपयोग नव्हता.

शेडमध्ये बऱ्याच कोंबड्या मेल्या. त्या माणसाने मागच्या पडीत जमिनीत खड्डा करून पुरल्या, आठवडाभर तिकडून वास येत होता, मोहाच्या वासात मिसळलेला. त्याने मुद्दाम काही केलेलं नव्हतं. सकाळभर तो तयार बसला होता, आणि लाइट गेली भर दुपारी. पक्षी आडवे पडायला लागलेले पाहून त्याने घाईत जनरेटरची वायर सरळ पंख्यांच्या बोर्डात खुपसली. बाहेरची लाइन तोडायचा खटका त्या नव्या शेडला अजून बसवलेलाच नव्हता. दोन दिवसांनी याकोब स्वतः जाऊन तो बसवून आला. त्याच्याकडे चहाही प्यायला. मी असते तर प्यायले नसते.

याकोबने या गोष्टीचा पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र तेव्हापासून दर मोहाला घाबरते. आधी घाबरायचे तेव्हा वाटायचं, मी माझं काम नीट केलं तर काही होणार नाही. आता तसं वाटत नाही, आणि ती भीती फार वाईट आहे.

आता रूथ. पोरगी गुणाची आहे, हे आई म्हणून म्हणत नाही. पण तिचे हात! लहानपणापासून प्रत्येक गोष्ट पूर्ण पंज्याने धरणार. पडली की तळहात सोलून यायची. गेल्या दोन महिन्यांपासून मी तिच्या हातांवर नजर ठेवून आहे. इस्त्री तापली का बघायला बोट लावते, तेही पोटाकडून. अंगणातलं लोखंडी फाटक दुपारी तापलेलं असताना सरळ मुठीत धरते आणि मग हाय हाय करते. तवा, कुकर, मोटारसायकल, सगळीकडे तळहात. मी मुद्दाम तिच्यापुढे गरम भांडी ठेवून पाहिली. याकोबने ते बघितलं आणि म्हणाला, पोरीला भाजून शिकवणार का तू? मग मी बंद केलं.

तिला मी सांगून पाहिलं. ती माझी समजूत काढते. आई, आता तसं नसतं. आता तार जिवंत आहे का ते सांगणारा डिटेक्टर असतो, तो जवळ नेला की वाजतो. रबरी हातमोजे असतात. लहान तार असली तरी साखळी टाकून जमिनीला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही असा नियम आहे. तारेला नुसता हात लावून बघणं हे जुन्या माणसांचं वेड, आम्हाला तर शिकवताना सक्त मनाई केली आहे. सगळं खरं आहे. तिचं एकही वाक्य मला खोडता येत नाही. याकोबही मान डोलावतो, बरोबर बोलते पोरगी, म्हणतो. मग उठतो आणि दाराच्या कडीला पालथा हात लावून दार उघडतो.

डिटेक्टरचा सेल संपतो. हातमोजे उन्हात घामाने भिजतात, माणूस काढून ठेवतो. साखळी मागच्या खांबाशी राहून जाते. मला हे मनातल्या मनात बोलायची सवय लागली आहे. भाकरी थापताना बोलते, चर्चमध्ये बोलते. इंजिन जाईल त्या दिवशीची ड्युटी बदलून घ्या, असं माझ्या जोडीदार ऑपरेटरने सुचवलं. चांगुलपणाने म्हणाला बिचारा. मी नको म्हटलं. तिच्या डोक्यावरची तार बंद करायची मूठ दुसऱ्या कुणाच्या हातात असेल आणि मी घरी बसेन, हे मला सोसणार नाही. आणि मनात असंही येऊन गेलं, लाइनच बंद केली नाही तर? बिघाड आहे, आज जमत नाही, असं सांगितलं तर? इंजिन एक दिवस थांबेल. मग दुसऱ्या दिवशी? समुद्राला जायला निघालेली वस्तू आमच्या पाड्यात किती दिवस उभी राहणार.

आज सकाळी ती निघाली. डोक्याला हेल्मेट, हातमोजे कमरेच्या पट्ट्यात खोचलेले, डब्यात तुरीची डाळ आणि भाकरी. याकोब तिच्याबरोबर निघालेला, खाली उभं राहायला. त्याच्याकडे तिचा फोन राहणार आहे, आणि तो कुठल्याही शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, हातात धरायचा, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. माझीही ड्युटीला निघायची वेळ झाली होती, पण मी दारातच उभी होते. माझा चेहरा बघून ती परत आली. तुला ताप आहे का आई, म्हणाली, आणि माझ्या गालावर हात ठेवला.

पूर्ण तळहात. गरम, जरासा खरखरीत झालेला, पाचही बोटं माझ्या गालावर पसरलेली. इतकी वर्षं माझ्या गालाला असा हात लागला नव्हता. मला तो तसाच राहू द्यावासा वाटला. मी डोळे मिटले. आणि मग मला तार दिसली.

मी तिचं मनगट धरलं आणि हात उलटा केला, तिच्या बोटांची मागची बाजू माझ्या गालाला लावली.

"असा लावायचा," मी म्हटलं. "मलासुद्धा."

ती हसायला लागली होती, पण माझ्याकडे बघून थांबली. फाटकापाशी याकोब दुसरीकडे तोंड करून उभा होता.

आता दुपार व्हायला आली आहे. पुन्हा उशीर. खडी तापलेली, मोहाचा वास खिडकीतून आत येतोय, पॅनेलवर लाल दिवा. आत्ता फोन वाजला. रूथच आहे. शिडीशी उभी असणार, तिचा श्वास ऐकू येतोय. "आई, बंद कर," ती म्हणाली. मी मूठ फिरवली. लाल गेला, हिरवा लागला.

"बंद आहे," मी म्हटलं.

"बंद आहे ना?"

"बंद आहे. हात?"

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"पालथा, आई," ती म्हणाली, आणि फोन तिने याकोबकडे दिला असावा, कारण पुढे नुसता वारा ऐकू यायला लागला. मी फोन ठेवला नाही, तसाच कानाला धरून बसले आहे. बाहेर टेकड्यांकडून पहिलं जनरेटर सुरू झालं.